व्हॉल्व्हचं मुसकं

अणुवीज केंद्रात तिला समोर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘किरकिर’. हे नाव तिला ठाऊक होतं. एकदा तर तिच्या लॉकरच्या दारावर कुणीतरी ते खडूने लिहून ठेवलं होतं आणि तिने ते पुसलंही नव्हतं. ‘असू दे, लॉकर शोधायला सोपं जातं,’ म्हणाली होती.

सत्तावीस वर्षं ती तिथे व्हॉल्व्ह फिटर होती. लग्न झालं, चार वर्षांत नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला, आणि हिने हातात पाना घेतला तो कायमचा. कॉलनीत तिला एका खोलीचं घर होतं. रस्त्यापलीकडे, बागेसकट असलेल्या चार खोल्यांच्या घरात तिचा धाकटा भाऊ राहायचा. तो केंद्रात शिफ्टचा प्रमुख होता. कंट्रोल रूममध्ये त्याच्या शब्दाबाहेर कुणी बोट हलवत नसे, पण घरी अजून तो छोटूच होता. आई त्याच्याकडे असायची. ताईकडे आई फक्त भांडायला यायची.

त्या भांडणाचं मूळ सहाव्या मजल्यावर होतं.

अणुभट्टीचं एक आहे, ती बंद केली तरी बंद होत नाही. बटण दाबलं की आतली क्रिया थांबते, पण राखेखाली निखारे धगधगत राहावेत तशी उष्णता दिवसेंदिवस निघत राहते. ती कुणीतरी बाहेर काढावी लागते. एरवी पंप काढतात. पंपांना वीज लागते, विजेला माणूस लागतो. वीजही गेली आणि माणूसही नसला तर काय, म्हणून इमारतीच्या अगदी वर, सहाव्या मजल्यावर, पाण्याची एक मोठी टाकी बसवलेली होती. भट्टीतली वाफ आपसूक वर जाणार, टाकीतल्या नळ्यांमध्ये निवून तिचं पाणी होणार आणि ते पाणी स्वतःच्या वजनाने परत खाली भट्टीत उतरणार. त्यात पंप नाही, बटण नाही, माणूस तर नाहीच. फक्त परतीच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह होता, मांडीएवढा जाड. त्याला बंद धरून ठेवायला हवेचा दाब लागायचा, आणि ती हवा अडवायला वीज. वीज गेली की हवा सुटायची आणि आतली भलीमोठी स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडून टाकायची.

किरकिरबाईचा या स्प्रिंगवर जीव होता. नवीन पोरांना ती सांगायची, ‘तुम्ही झोपाल, घाबराल, पळाल. ही पळणार नाही.’ पोरं एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायची.

घोडं अडलं ते विजेच्या झटक्यांपाशी. बाहेरची लाइन जुनी झाली होती. क्षणभर विजेचा दाब पडला तरी स्प्रिंगला वाटायचं वीज गेली, व्हॉल्व्ह उघडायचा, गार पाणी आत घुसायचं आणि सगळं केंद्र चार-चार दिवस बंद पडायचं. वर्षात तीनदा असं झालं. मुख्य कार्यालयातून केंद्राच्या अधीक्षकांची अशी हजेरी घेतली गेली की फोनमधला आवाज तीन खोल्यांपलीकडे ऐकू आला. त्यानंतर एका तपासणीला ती सहाव्या मजल्यावर चढली, तर व्हॉल्व्हच्या दांड्यावर लोखंडी पट्टीचा एक फास आवळलेला. दोन बोल्ट, खाली व्हॉल्व्हच्या अंगातून कानासारख्या बाहेर आलेल्या लोखंडावर टेकवलेली पट्टी. बैलाच्या तोंडाला मुसकं बांधावं तसं. आता वीज जावो, हवा जावो, स्प्रिंगने कितीही जोर केला तरी व्हॉल्व्ह उघडणार नव्हता.

ती तशीच जिना उतरून भावाच्या दारात गेली. तो जेवत होता.

“वरच्या व्हॉल्व्हला मुसकं कुणी बांधलं?”

“ताई, जेवू दे.”

“तू बांधलंस?”

“तात्पुरतं आहे. लाइन दुरुस्त झाली की काढू.”

“आणि तोवर वीज गेली तर?”

“डिझेल आहे. दोन जनरेटर आहेत. बॅटऱ्या आहेत. मी आहे, माझी माणसं आहेत. वर जाऊन दोन बोल्ट काढायला किती वेळ लागतो?”

“माणूस असला तर पाच मिनिटं. नसला तर?”

भावजय वाढता वाढता थांबली. “वन्सं, तुमचं हे असंच. घरात आल्या की काहीतरी काढायचंच.”

ते तात्पुरतं अकरा महिने चाललं. या अकरा महिन्यांत किरकिरबाईने सात वेळा नोंदवहीत लिहिलं. दोन पानं नाहीशी झाली. मग तिने अधीक्षकांना गाठलं. त्यांनी चष्मा पुसत तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही फिटर आहात. भट्टी कशी चालवायची ते ठरवायला इथे बारा इंजिनियर आहेत.”

“बारांपैकी सहावा मजला किती जणांनी चढलाय?”

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवसापासून तिचा मदतनीस काढून घेतला. मग लॉकरच्या कडीला आतून-बाहेरून ग्रीस फासलेलं मिळालं. ते केंद्रातल्या वेल्डरचं काम होतं हे तिला वासावरूनच कळलं, तो वेगळंच ग्रीस वापरायचा. कँटीनमध्ये ती बसली की टेबल रिकामं व्हायचं. केंद्र बंद पडलं की सगळ्यांनाच झळ बसायची, मुसकं बांधल्यापासून ते एकदाही बंद पडलं नव्हतं, आणि ही एकटी बाई ते सोडा म्हणून हटून बसलेली. लोक तिला पाण्यात पाहू लागले. तीही काही गोड बोलणाऱ्यांतली नव्हती. एकदा भर कँटीनमध्ये म्हणाली, “तुम्हाला सगळ्यांना मिळून एक मेंदू दिलाय आणि तोही पाळीपाळीने वापरता.” त्यानंतर उरलेसुरले दोघेही बोलायचे बंद झाले.

शेवटी एका दुपारी ती एकटीच वर गेली. पट्टीचे दोन बोल्ट काढले. नुसतं एवढंच केलं तर तासाभरात पट्टी परत बसणार हे तिला माहीत होतं, म्हणून ज्या लोखंडी कानावर ती टेकायची तो कानच तिने ग्राइंडरने कापून काढला. पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला. पट्टी पिशवीत टाकली, खाली आली आणि स्वतःच भावाला फोन केला. “मुसकं काढलंय. आता बांधायला जागाही नाही. काय करायचंय ते कर.”

त्याने जे करायचं ते केलं. संध्याकाळच्या आत तिचा पास काढून घेतला गेला. विनापरवानगी यंत्राची मोडतोड, चौकशी होईपर्यंत निलंबन. आदेशाखाली शिफ्टप्रमुख म्हणून धाकट्या भावाची सही होती. गेटवरच्या रखवालदाराने तिच्या डब्याची पिशवीसुद्धा उलटी करून पाहिली. ती लोखंडी पट्टी मात्र तिने आधीच कुंपणाबाहेर फेकली होती. घरी जाताना गवतातून उचलून घेतली.

आई त्याच दिवशी आली. दारातूनच सुरू झाली. “सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस? कुठे फेडशील?”

“आई, तू आत तरी ये.”

“तुझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही मला.”

आणि तिने खरंच ठेवलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून अर्धा तास बोलली.

त्यानंतर दहा दिवसांनी, शनिवारी सकाळी, डोंगराकडचं वाळलं गवत पेटलं. महिनाभर कडक ऊन आणि सुसाट वारा होता, आगीला तेवढं पुरलं. नऊ वाजता धूर कॉलनीत आला. दहाच्या सुमाराला विजेच्या दोन्ही लाइन पडल्या. भट्टी आपोआप बंद झाली, डिझेल जनरेटर सुरू झाले, इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. पण हवेत एवढी राख होती की तासाभरात जनरेटरांचे फिल्टर गुदमरले. आधी एक बसला, मग दुसरा. जुन्या बॅटऱ्या काही मिनिटांतच उतरल्या. अकराला दहा कमी असताना केंद्रात अंधार झाला. कंट्रोल रूममध्ये धूर शिरला. तोंडाला लावायच्या नळकांड्यांमध्ये अर्ध्या तासाची हवा होती. गेटबाहेरचा रस्ता अजून मोकळा होता, पण फार वेळ राहणार नव्हता. अधीक्षकांनी सगळ्यांना बाहेर काढलं. शेवटच्या गाडीत छोटू बसला. मागे अणुभट्टी राहिली, तिच्याजवळ एकही माणूस नाही आणि वीज नाही.

कॉलनी आणि आसपासची वस्ती नदीपलीकडच्या टेकडीवरच्या शाळेत नेऊन सोडली होती. आठशे माणसं, चार नळ. किरकिरबाई व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी होती. तिथून काळ्या धुराच्या वर केंद्राचं छप्पर मधूनमधून दिसायचं. छोटू खोकत गाडीतून उतरला तसं तिने त्याला गाठलं.

“डिझेल कधी गेलं?”

“अकराच्या आधी.”

“आणि तुम्ही वर जाऊन काही पाहिलंत?”

“काय पाहणार? त्या व्हॉल्व्हचा खालचा दिवा लाइन पडल्या तसाच विझला, आणि जिन्यात हात दिसत नव्हता.”

ती त्याच्या जवळ गेली. आवाज खाली आणला. “मी गेल्यावर परत बांधलंत का?”

तो रुमालाने डोळे पुसू लागला.

“छोटू, मुसकं परत बांधलंत का?”

“नवीन पट्टी करून घेतली. कान परत वेल्ड करायला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं की झालं होतं?”

“मला माहीत नाही!” तो ओरडला. दहा डोकी वळली. “काल ड्यूटी माझी नव्हती. मला माहीत नाही.”

तिने वेल्डरला शोधायला सुरुवात केली. एकेका वर्गात डोकावत ती फिरली, बायका अंगाला अंग चोरून बसलेल्या, तिला पाहून तोंडं फिरवणाऱ्या. वेल्डर कुठे सापडला नाही. कुणी म्हणालं तो बायकोला आणायला गावाकडे गेलाय. मग ती पुन्हा कठड्याशी आली आणि हिशेब मांडत उभी राहिली. व्हॉल्व्ह उघडला असेल तर वरच्या टाकीतलं पाणी तापणार. पंप थांबल्यापासून दोन-अडीच तासांत उकळणार. छपरावरच्या पाइपातून पांढरी वाफ बाहेर पडणार. म्हणजे दीडपर्यंत वाफ दिसायला हवी. वाफ नसेल तर उष्णता आतच साठतेय. मग आठशे माणसांना या टेकडीवर ठेवूनही चालणार नाही.

एक वाजला. सव्वा वाजला. छोटू येऊन चार हातांवर उभा राहिला. तोही छपराकडेच बघत होता.

दीड झाला. वाफ नव्हती.

“अधीक्षकांना सांग, बस तयार ठेवा म्हणून,” ती म्हणाली.

“काय म्हणून सांगू?”

“आपण काय केलं ते सांग.”

तो जागचा हलला नाही. तेव्हा वेल्डर बायकोला आणि म्हाताऱ्या सासूला घेऊन फाटकातून आत आला. किरकिरबाई धावतच त्याच्यावर गेली. “कान वेल्ड केलास?”

“काय?”

“वरच्या व्हॉल्व्हचा कान! केलास का?”

वेल्डरने छोटूकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “नाही. परवाना कुठे होता? त्यावर व्हॉल्व्ह फिटरची सही लागते. तुम्ही निलंबित, दुसरा फिटर अजून नेमलेला नाही. मी म्हटलं, बिनसहीचं मी करणार नाही. उद्या काही झालं तर माझी मान.” आणि तोंड वाकडं करून म्हणाला, “कालच्या शिफ्टचे साहेब सोमवारी सही आणतो म्हणाले होते.”

ती हसली की रडली ते वेल्डरला कळलं नाही. दोनला दहा कमी असताना छपरावर वाऱ्याने धूर फाकला आणि पाइपाच्या तोंडातून पांढराशुभ्र लोट सरळ वर चढताना दिसला. तिने कठडा घट्ट धरला. वीस मिनिटं उशीर. टाकी तिने धरली होती त्यापेक्षा गार होती, एवढंच.

पण आठशे माणसांना तो लोट दिसला तो वेगळाच. “फुटली! भट्टी फुटली!” कुणीतरी किंचाळलं आणि शाळेत एकच पळापळ झाली. वस्तीतल्या किराणा दुकानदाराने छोटूची कॉलर धरली. “पळून आलात ना? आमच्या पोराबाळांना मारायला ठेवून पळून आलात!” मागून चार-पाच जण पुढे सरसावले. किरकिरबाई मध्ये घुसली.

“फुटली नाही! ते साधं पाणी आहे, उकळतंय! त्याने भट्टी गार होतेय! ती वाफ बंद पडली तर पळा!”

“तू कोण?”

“मी तिथलीच.”

“मग तूही त्यांच्यातलीच,” दुकानदार म्हणाला आणि त्याने तिला ढकललं. ती तीन पायऱ्या गडगडत खाली आली, उजव्या हातावर. मनगटातून कड असा आवाज आला. छोटू कॉलर सोडवून मागे सरकला आणि शिक्षकांच्या खोलीत शिरून त्याने कडी लावली. तिला उचललं ते वेल्डरने. ओरडत, शिव्या देत, आपल्या सासूचा पंचा फाडून त्याने तिचा हात बांधला. “कशाला मध्ये पडता?” तो म्हणाला. “कुणी सांगितलं होतं?”

माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात परतली. जवळजवळ बावीस तास तिथे कुणी नव्हतं. टाकीतलं पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं, अग्निशमनाच्या गाड्यांनी ते भरलं. भट्टी शाबूत होती. अधीक्षकांनी पत्रकारांना सांगितलं, ‘आमची यंत्रणा माणसाच्या मदतीशिवाय चोख चालली.’ त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून किरकिरबाईला ते जास्त लागलं.

मग बाहेरून चौकशी समिती आली. पहिल्याच दिवशी अधीक्षक म्हणाले की व्हॉल्व्हला असलं काही कधी बांधलंच नव्हतं, सदर बाईंचं भावाशी घरगुती वैर आहे आणि त्या रागातून त्यांनी मोडतोड केली. तिने डाव्या हाताने ती पट्टी टेबलावर ठेवली. “ही कुठलाही लोहार करून देईल,” अधीक्षक म्हणाले. छोटूला विचारलं. त्याने टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मला आठवत नाही.”

त्या संध्याकाळी आई पुन्हा दारात आली. या वेळी ओरडली नाही. “आता गप्प बस,” म्हणाली. “त्याची नोकरी जाईल. त्याला दोन पोरं आहेत.”

“आई, तो व्हॉल्व्ह उघडला नसता तर ती पोरं…”

“उघडला ना? मग झालं ना!”

किरकिरबाईने प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला. “झालं,” ती म्हणाली. “पण मी गप्प बसणार नाही.” आईने तिच्या अंगणात थुंकल्यासारखं केलं आणि रस्ता ओलांडून गेली.

समितीतल्या एका सडपातळ बाईने मात्र स्वतः सहा मजले चढून ती घासलेली जागा पाहिली आणि नवीन पट्टीच्या कामाचा कागद फायलीतून शोधून काढला. त्यावर एकच सही होती, छोटूची. अधीक्षकांनी लगेच हात झटकले. शिफ्टप्रमुखाने परस्पर केलेला उद्योग आहे, म्हणाले, आपल्याला कल्पनाही नव्हती.

दुसऱ्या सुनावणीला छोटू आला तो दाढी न करता. त्याने बहिणीकडे एकदाही पाहिलं नाही. “बांधलं मी,” तो म्हणाला. “बांधायला सांगितलं अधीक्षकसाहेबांनी, त्यांच्या खोलीत, दार लावून. वेल्डरही बाहेर उभा होता, त्याला विचारा.” वेल्डरला विचारलं. त्याने मान खाली घातली आणि हो म्हटलं.

किरकिरबाईला ठाऊक होतं की भाऊ सत्यासाठी बोलला नाही. अंगावर आलं म्हणून बोलला. ती नोंदवहीत लिहीत होती तेव्हा बोलला असता तर गोष्ट वेगळी होती. तरी सभागृहातून बाहेर पडताना तिने त्याच्यासाठी दार धरून ठेवलं. तो दुसऱ्या दाराने गेला.

अधीक्षकांना काढलं. छोटूला शिफ्टवरून उतरवून भांडारात बसवलं, बागवालं घर गेलं. केंद्र सात महिने बंद राहिलं आणि या सात महिन्यांचा दोष सगळ्यांनी मिळून एकट्या किरकिरबाईच्या नावावर मांडला. ती पुन्हा कामावर रुजू झाली. मनगट पूर्ण वळत नाही, म्हणून मोठा पाना आता मदतनीस फिरवतो आणि ती शेजारी उभी राहून सांगते. दर महिन्याला त्या व्हॉल्व्हची वीज मुद्दाम तोडून तो उघडतो की नाही ते पाहिलं जातं. असा नियमच झाला. कँटीनमध्ये तिच्या टेबलाशी अजूनही कुणी बसत नाही. वेल्डर शेजारच्या टेबलाशी बसतो, तिच्याकडे पाठ करून.

सुटे भाग आणायला तिला भांडारात जावं लागतं. खिडकीच्या आत भाऊ असतो. परवाही होता.

“काय पाहिजे?”

“गॅस्केट. चार.”

“कागद?”

तिने कागद सरकवला. त्याने तो दोनदा वाचला, आत गेला आणि सांध्यात बसवायच्या तीन चकत्या आणून फळीवर टाकल्या.

“चार लिहिलंय,” ती म्हणाली.

तो पुन्हा आत गेला आणि बराच वेळ आतच होता. मग येऊन त्याने चौथी ठेवली आणि खिडकी ओढून घेतली.